आलेला फोटो खरंच फोटो आहे का, हे कसं तपासायचं

फोटोतून व्हायरस येतो का? 'छे, कधीच नाही' म्हणणारेही चुकतात आणि 'अनोळखी फोटो उघडलात की संपलं' असं घाबरवणारेही. जेपीजी, पीएनजी या फाइलींत चित्राची माहिती असते, ती आपणहून चालत नाही. पण ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक असली, तर मुद्दाम बिघडवलेला फोटो त्या चुकीचा फायदा घेतो. दुसरी शक्यता अशी की फोटो म्हणून आलेली फाइल मुळात फोटोच नसते, आणि बहुतेक माणसं फसतात ती इथेच.

पहिल्या धोक्यावर उपाय एकच: अपडेट. २००४ मध्ये विंडोजच्या जेपीजी वाचणाऱ्या भागात अशी चूक सापडली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या कोडमधल्या चुकीमुळे क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. ब्राउझर आणि फोनची अपडेट 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकलू नका.

आता फाइल तपासू. ती सेव्ह करा, डबल-क्लिक करू नका. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' (नावाच्या शेवटी टिंबानंतरची, फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरं) सुरू करा. ही सोय मुळात बंद असते, म्हणून 'सहल.जेपीजी.ईएक्सई' (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) हे नाव आपल्याला नुसतं 'सहल.जेपीजी' दिसतं. २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या फोटोच्या नावाने जगभर पसरलेली फाइल अशीच होती. जेपीजीच्या पुढे व्हीबीएस (म्हणजे स्क्रिप्ट, संगणकाने पाळायच्या आज्ञांची फाइल) लिहिलेलं होतं, ते लोकांना दिसलंच नाही.

बहुतेक ठिकाणी सल्ला इथे संपतो. मीही इथेच थांबत असे, आणि त्याची किंमत मोजली. एक्स्टेन्शन दिसत होतं, नावाच्या शेवटी स्वच्छ जेपीजी होतं, आयकॉनही फोटोचा होता. डबल-क्लिक केलं, काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, फोटो काही उघडला नाही. शेवटी अख्खी सिस्टिम पुन्हा टाकावी लागली.

झालं होतं असं. नावात एक अदृश्य चिन्ह घालता येतं. अरबी, हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी ते युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) आहे, आणि त्याच्या पुढची अक्षरं पडद्यावर उलटी दिसतात. खऱ्या नावाच्या शेवटी जी-पी-जे, टिंब, ई-एक्स-ई असं असतं. पडद्यावर मात्र ई-एक्स-ई, टिंब, जे-पी-जी दिसतं. म्हणून नावाच्या मध्येच विनाकारण 'ईएक्सई' किंवा उलटा वाचला तर 'एससीआर' (स्क्रीन सेव्हर, तोही प्रोग्रॅमच) होईल असा तुकडा दिसला, की तिथेच हात आवरा.

नावावर आणि आयकॉनवर विश्वास ठेवूच नका. फोल्डर 'डिटेल्स' स्वरूपात लावा आणि 'टाइप' हा रकाना वाचा. तिथे 'ॲप्लिकेशन', 'स्क्रीन सेव्हर' किंवा 'शॉर्टकट' असं आलं, तर तो फोटो नाही. शॉर्टकटचं एक्स्टेन्शन तर सगळी एक्स्टेन्शन्स दाखवायला सांगूनही विंडोज लपवतं, त्यामुळे त्याला पकडायला हा रकानाच हवा.

तरीही शंका असेल तर आधी नोटपॅड उघडा आणि 'फाइल', 'ओपन' करून ती फाइल त्यात घ्या. नोटपॅड ती फक्त वाचतं, चालवत नाही. अगम्य चिन्हांचा ढीग दिसेल, त्यात फक्त सुरुवात बघा. पीएनजीत दुसऱ्या अक्षरापासून 'पीएनजी' हीच इंग्रजी अक्षरं असतात, जीआयएफची सुरुवातच 'जीआयएफ'ने होते, जेपीजीत सुरुवातीलाच बहुधा 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' सापडतं. पहिली दोन अक्षरं 'एमझेड' असली, तर तो विंडोजचा प्रोग्रॅम आहे, नाव काहीही असो.

एसव्हीजीचं वेगळं. ते चित्र मजकुराच्या रूपात लिहिलेलं असतं आणि त्यात स्क्रिप्ट घालता येते. ईमेलला जोडून आलेली अनोळखी एसव्हीजी ब्राउझरमध्ये उघडू नका, मी तर सरळ डिलीट करतो.

डबल-क्लिक आधीच होऊन गेलं असेल, तर लगेच इंटरनेट तोडा, ॲन्टिव्हायरसने पूर्ण तपासणी करा, आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच संगणकावरून नाही.