लेसर करून चष्मा घालवायचा? आधी जुन्या चिठ्ठ्या काढा

बेळगावच्या वडगावात आमचं चष्म्याचं दुकान आहे आणि डोळे तपासायला मी स्वतः बसते. त्यामुळे लेसरबद्दल काही बोलले की समोरचा गालातल्या गालात हसतो. चष्मे विकणारी बाई चष्मा घालवायचा सल्ला कशाला देईल? हसू देत. लेसर करून खूश असलेलीही माझ्याकडे येतात, कारण गॉगल त्यांनाही लागतो. आणि 'तुम्ही जाऊ नका' असं मीच सांगितलेलीही येतात.

विषय बहुतेक वेळा लग्नसराईच्या तोंडावर निघतो. "काकू, पुढच्या रविवारी बघायला येणार आहेत, तोवर चष्मा जाईल काय?" बघायला येणाऱ्यांसाठी डोळ्याचं ऑपरेशन करू नये, हे माझं मत. स्वतःला चष्म्याचा वैताग आला असेल तर मात्र जरूर विचार करावा. पण घाईत नाही, कारण पहिलं काम दवाखान्यात नसतं, घरी असतं.

कपाटातल्या फायलीतून नंबराच्या जुन्या चिठ्ठ्या काढा आणि तारखेनुसार ओळीनं लावा. वय १८ च्या आत असेल तर विषय तिथंच मिटला. त्यापुढे असलात तरी वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त हललेला नसावा. एका डिप्लोमाच्या पोराच्या चिठ्ठ्या अशा होत्या: मायनस २.२५, मग २.७५, मग ३.५०. वय १९. आज साडेतीनचा नंबर काढला तरी डोळा आपल्या गतीनं वाढणारच, आणि दोन वर्षांनी तो परत माझ्या खुर्चीत. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर जुने चष्मे घेऊन या. लेन्सोमीटरखाली धरले की त्या वेळचा नंबर कळतो.

चिठ्ठीवरचा दुसरा आकडा कुणी बघत नाही. तो सिलिंडरचा, म्हणजे तिरक्या नंबराचा. तो दर वेळी वाढतोय, शेजारचा ॲक्सिस, म्हणजे त्याच्या दिशेचा आकडा, फिरतोय, आणि वर डोळे चोळायची सवय आहे, असं असलं की मी लेसरचं बोलणं थांबवते. ही केराटोकोनसची सुरुवात असू शकते. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, त्यात पातळ होत पुढे टोक काढतो. लेसरनं तो आणखी तासला तर नजर कायमची बिघडू शकते. हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही, माझ्या मशिनवरही खात्रीनं कळत नाही. त्याला कॉर्नियाचा नकाशा काढावा लागतो, टोपोग्राफी. ती न करताच ऑपरेशनची तारीख देत असतील तर चपला घालून बाहेर पडा.

नकाशाबरोबर जाडीचा आकडा मिळतो. तो मागून घ्या आणि हिशोब घरी करून बघा, बेरीज-वजाबाकीच आहे. कॉर्निया सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिक नावाच्या लेसरच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची एक पातळ चकती उचलतात, तिचे साधारण ११० धरा. मग एका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन लेसर खातो. मायनस ४ चा नंबर असेल तर ६० गेले, खाली ३७० राहिले, हरकत नाही. पण जाडी ५०० आणि नंबर मायनस ९ असेल तर ११० आणि १३५ वजा जाऊन २५५ उरतात. खाली किमान २५० उरलेच पाहिजेत, आणि कित्येक सर्जन ३०० चा आग्रह धरतात. अशा माणसाला डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय, आयसीएल, विचारता येतो. तो महाग आहे आणि ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, हे धरूनच विचारावं.

"डोळा भाजणार नाही काय?" हा प्रश्न हमखास येतो. नाही भाजत. मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये होते. १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या हाडावर आणि कूर्चेवर एक्सायमर लेसर मारून बघितला. आजूबाजूचा भाग न करपता चीर स्वच्छ पडली. तोच लेसर आज कॉर्नियाला आकार देतो. थेंब टाकून डोळा बधिर केलेला असतो आणि लेसर चालतो तो अर्धा-एक मिनिट.

पद्धत कुठली, हे तुमच्या कामावरून ठरवा. उचललेली चकती परत बसवली तरी मूळच्यासारखी घट्ट कधीच चिकटत नाही. तालमीत जाणारा, कबड्डी खेळणारा, म्हणजे डोळ्यावर ढोपर-कोपर बसण्याची शक्यता असलेल्यानं पीआरके विचारावं. त्यात चकतीच नसते, वरचा नाजूक थर काढून लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. स्माईल नावाच्या पद्धतीतही चकती नसते, बारीक चिरेतून आतला तुकडा काढून घेतात. लॅसिकवाला दुसऱ्या दिवशी कॅलेंडर वाचतो, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. उद्यमबागेत फाउंड्रीत असाल किंवा निपाणीला तंबाखूच्या वखारीत, तर पद्धत कुठलीही असो, आधी रजेची व्यवस्था करा. धूळ, वाफ आणि डोळे चोळणं, तिन्ही वर्ज्य.

आता दोन तक्रारी, ज्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतात. डोळे कोरडे पडणं ही पहिली. लेसरमध्ये कॉर्नियाच्या नसा तुटतात, त्या परत यायला महिने लागतात, तोवर अश्रूंचे थेंब घालत बसावं लागतं. ज्यांचे डोळे आधीच चुरचुरतात, जे दिवसभर यंत्रमागासमोर नाहीतर कॉम्प्युटरसमोर असतात, त्यांनी आधी कोरडेपणाची तपासणी मागावी. दुसरी तक्रार रात्रीची. दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुतेकांना काही महिन्यांत कमी होतात, काहींना राहतात. ऊसाच्या हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना चिकोडी-निपाणी रात्री गाडी चालवणाऱ्यानं हा प्रश्न सर्जनला दोनदा विचारावा.

काहींनी थांबावंच. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं, कारण तेव्हा नंबर हलतो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, साखर ताब्यात नसेल, संधिवाताचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी हेही जाणून घ्या की लांबचा चष्मा गेला तरी वाचायचा येणारच. मायनस दोनवाला आज चष्मा काढून पेपर वाचतो, ती सोय लेसरनंतर जाते.

भरतीची पोरं वेगळी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र डोळ्यांसमोर, त्यामुळे 'लेसर करतो आणि फौजेत जातो' असं ऐकायची सवय झालीय. वैद्यकीय निकष पदागणिक वेगळे असतात. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला तर लेसर झालेला डोळा चालतच नाही. आधी जाहिरातीतलं वैद्यकीय पान वाचा, मग दवाखाना. उलटं केलंत तर केलेलं ऑपरेशन परत फिरवता येत नाही.

तपासणीला जायच्या आधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि हार्ड लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवा. लेन्स कॉर्नियाचा आकार बदलते आणि मापच चुकतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यामुळे मोटरसायकल स्वतः चालवून जाऊ नका, कुणाला तरी बरोबर न्या. कोल्हापूर आणि हुबळी, दोन्हीकडे शंभरेक किलोमीटर आहे. स्वस्त पडतं म्हणून लांबचं ठिकाण धरण्याआधी बघा की दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं परत जाणं जमणार आहे का. आणि संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर सही करायच्या आधी मराठीत समजावून मागा. यात लाजायचं काही नाही. आमच्याकडे कन्नड गिऱ्हाईक आलं की मीही मोडक्या कन्नडमध्ये सांगतेच की.

पैशाचं थोडक्यात. आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च सहसा वगळलेला असतो. सांगितलेल्या रकमेत तपासण्या, थेंब आणि थोडा नंबर उरला तर दुसऱ्यांदा करायचा खर्च धरलाय का, हे लिहून घ्या.

करायचं ठरलंच तर ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि नकाशा यांच्या प्रती घेऊन जपून ठेवा. म्हातारपणी मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या लेन्सचं माप त्यावरून नीट काढता येतं. लेसरनंतर डोळ्याचा दाब मशिनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून काचबिंदूच्या तपासणीला गेलात की लेसर झालंय हे आधी सांगायचं. ज्यांचा नंबर मोठा होता त्यांनी नेत्रपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. चष्मा गेला तरी डोळा आतून तेवढाच लांब राहतो आणि तो पडदा सुटायचा धोका तसाच असतो.