फ्रॅटर्निटीत शिरण्याआधी: एका माजी खजिनदाराच्या सूचना

अमेरिकेत शिकायला गेलेली नात्यातली पोरं दर ऑगस्टमध्ये विचारतात, "काका, फ्रॅट जॉइन करू का?" फ्रॅट म्हणजे फ्रॅटर्निटी, कॉलेजातल्या मुलांची सदस्य निवडून घेणारी संघटना. ओहायोत शिकताना मी आमच्या चॅप्टरचा, म्हणजे तिच्या कॅम्पसवरच्या शाखेचा, खजिनदार होतो, त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या बाजूनं येतं. रश वीकमध्ये, म्हणजे नवे सदस्य निवडायच्या आठवड्यात, फ्रॅटर्निटीचं घर झाडूनपुसून ठेवलेलं असतं, बर्गर फुकट असतात, सगळे तुमचं नाव लक्षात ठेवतात. त्यावरून काही ठरवू नका.

आधी युनिव्हर्सिटीशी चॅप्टरचं कसं चाललंय ते बघा. इथे तिघांचा संबंध असतो. चार्टर, म्हणजे शाखा चालवायचा परवाना, राष्ट्रीय संघटना देते, मान्यता युनिव्हर्सिटी देते, आणि घर बहुधा माजी सदस्यांच्या हाउस कॉर्पोरेशनच्या मालकीचं असतं. काही ठिकाणी ते युनिव्हर्सिटीचंच. मान्यता काढून घेतली तरी कधीकधी पोरं त्याच घरात राहतात आणि "आता आम्ही स्वतंत्र" म्हणून रश चालू ठेवतात. तिथे पाऊल टाकू नका. मान्यताप्राप्त चॅप्टरांची यादी युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर असते, बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाच्या सरासरी जीपीएसह (अभ्यासातल्या गुणांच्या सरासरीसह). डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या संघराज्य कायद्यानुसार रॅगिंगची, म्हणजे तिथल्या हेझिंगची, सिद्ध झालेली प्रकरणंही युनिव्हर्सिटीला जाहीर करावी लागतात. तो अहवाल उघडा, चॅप्टरचं नाव शोधा. नाव नसेल तर लगेच हुरळू नका. तक्रारच झाली नसेल.

नावाच्या जुनेपणाला भुलू नका. आमच्या ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीत बीटा थीटा पाय (1839), फाय डेल्टा थीटा (1848) आणि सिग्मा काय (1855) अशा तीन फ्रॅटर्निट्या जन्मल्या, आणि तिथल्या लोकांना त्याचा तोराही असतो. पण एकाच नावाचा चॅप्टर एका कॅम्पसवर अभ्यासू असतो, तर दुसरीकडे निलंबित. ॲम्हर्स्टसारख्या कॉलेजनं तर 1984 मध्ये फ्रॅटर्निट्यांची मान्यताच काढून घेतली.

आता पैसे. "ड्यूज (वर्गणी) किती?" एवढंच विचारून थांबू नका, पत्रक मागा आणि ओळ न ओळ वाचा. राष्ट्रीय फी, माणशी विमा, चॅप्टरचा खर्च, आणि पहिल्या वर्षी वरून इनिशिएशनची, म्हणजे पूर्ण सदस्य करून घेण्याच्या विधीची, फी. आमच्याकडे 'सोशल' नावाची एक ओळ होती. तिच्यात बसभाडं, डीजे, दारावरचे गार्ड सगळं कोंबलेलं असायचं आणि सर्वात जास्त भांडणं तिच्यावरूनच व्हायची. खोलीभाडं आणि जेवण वेगळं. दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं आहे का? करार अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा आहे का? मध्येच चॅप्टर बंद झाला तर भाडं कोण भरणार? याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

प्रेसिडेंटशी गप्पा मारून काही हाती लागत नाही, तो त्यासाठीच उभा असतो. दुसऱ्या वर्षाचा मुलगा गाठा आणि नव्या मेंबरांचं आठवड्याचं वेळापत्रक विचारा. विधी गुप्त असतात, ते ठीक. पण मंगळवारी रात्री कुठे बोलावतात, किती वाजता सोडतात, यात गुपित कसलं? "आत आलास की कळेल" असं ऐकू आलं तर नमस्कार करून निघा.

दक्षिण आशियाई मुलांनी काढलेल्या फ्रॅटर्निट्याही आहेत: पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत 1996 मध्ये निघालेली सिग्मा बीटा ऱ्हो, टेक्सासमधल्या ऑस्टिनला 1998 मध्ये निघालेली डेल्टा एप्सिलॉन साय. घर नसेल तिथे खर्च कमी येतो. तपासणी मात्र तेवढीच कडक करा. दारूचं कायदेशीर वय 21 आहे, आणि एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर पोलिसांत नाव जाणं फार महागात पडू शकतं.

बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, हातात आली की त्याच रात्री सही करू नका. पटलं नाही तर इनिशिएशनच्या आधीच बाहेर पडा आणि ते ईमेलनं कळवा, राष्ट्रीय ऑफिसला प्रत जाऊ द्या. एकदा इनिशिएशन झालं की सहसा दुसरी फ्रॅटर्निटी तुम्हाला घेत नाही.