जाळीचं कपाट रंगवायला काढण्याआधी

फ्रिज आला आणि स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट मागच्या पडवीत गेलं. पडवीतून गोठ्यात, गोठ्यातून लाकडांच्या खोपीत. कोकणातल्या कितीतरी घरांत त्याचा हाच प्रवास झाला. दूध, दही, तळलेले मासे मांजरापासून आणि मुंग्यांपासून राखणारं ते कपाट आता भंगारात द्यायला काढलं असेल, तर जरा थांबा. वारा आरपार खेळणारं कपाट आपल्या हवेला अजूनही हवंच आहे. पावसाळ्यात बंद कपाटात पुस्तकांवर, चपलांवर, ठेवणीतल्या कपड्यांवर बुरशी चढते. जाळीच्या कपाटात ती एवढ्या सहज चढत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी आजीचं असं एक कपाट आहे. ते मी दोनदा रंगवलं. पहिल्यांदा रंग फुकट गेला, दुसऱ्यांदा टिकला. मधल्या काळात जे कळलं, ते कामाला हात घालण्याआधी तुमच्याकडे असावं म्हणून ही यादी लिहिते आहे.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. आपल्याकडे रंगकाम आठवतं ते गणपतीच्या तोंडावर. भिंतींना चुना लागतो, गणपतीवर टांगायची माटवी सजते, चाकरमानी यायचे असतात, तेव्हा वाटतं की एवढं कपाटही उरकून घेऊ. मीही श्रावणातच उरकलं होतं. शेजारचे सुतारकाका बघायला आले आणि फळीवर तळवा ठेवून म्हणाले, "लाकूड ओला आसा, रंग धरूचो नाय." मी ऐकलं नाही. अनंत चतुर्दशी झाली तरी रंगावर नख दाबलं की खूण उमटत होती. दारं चौकटीला चिकटली, आणि दिवाळीपर्यंत पायांवर फोड आले. ते फोड सुरीने उचलले तर खाली पाण्याचा थेंब सापडला.

याचं कारण साधं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं, आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत लाकूड फुगलेलंच असतं. त्यावर तेलरंगाचा पापुद्रा चढवला की आतलं पाणी ऊन पडल्यावर बाहेर यायला बघतं आणि रंग उचलतं. म्हणून कपाट दिवाळीनंतर काढा. मार्गशीर्ष आणि पौष उत्तम. माघात आंब्याला मोहोर असतो. कलम घराजवळ असेल तर ओल्या रंगावर मोहोराचा कचरा आणि तुडतुडे दोन्ही चिकटतात, तेव्हा काम त्याआधी संपेल असं बघा.

दिवस ठरला तरी लाकूड वाळलंय की नाही हे अंदाजाने ठरवू नका. कपाटातली एक सुटी फळी काढा, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला आणि वजन खडूने फळीवरच लिहून ठेवा. कपाट माळ्यावर किंवा वाऱ्याच्या पडवीत सावलीत उभं करून ठेवा, आणि दर चार दिवसांनी तीच फळी पुन्हा तोला. माझ्या फळीचं वजन आधी १ किलो ८४० ग्रॅम होतं, मग १ किलो ७३० झालं, मग १ किलो ६७०, आणि शेवटी दोनदा १ किलो ६६०. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. त्या दिवसापर्यंत रंगाचा डबा आणूसुद्धा नका, घरात डबा असला की हात शिवशिवतात. कडक उन्हात घाईने वाळवू नका, फळ्या वाकतात आणि सांधे उघडतात.

वाळत असताना तपासणी करून घ्या. कपाटाचे समोरासमोरचे कोपरे दोन हातांनी धरून तिरकं ढकला. डुगडुगलं तर सांधे सुटलेत, ते उघडून जुना सरस खरवडून फेव्हिकॉल भरायला आणि दोरीने आवळून एक रात्र ठेवायला लागेल. मग खाली काळा कागद अंथरा. आठवड्याने कागदावर पिठासारखा भुसा दिसला तर आत किडा जिवंत आहे. मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. यावर रॉकेल चोपडायची पद्धत आहे, पण रॉकेल उडून जातं आणि मागे काही राहत नाही. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोनदा लावावं, भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने सोडावं. हे औषध रंगाच्या थरातून आत जात नाही, म्हणून जुना रंग उतरल्यावरच लावायचं. ते पाण्यात धुऊन जातं, म्हणून वरून रंग हवाच. आणि लावल्यावर पुन्हा फळी तोलायची, कारण तुम्ही नुकतंच लाकडाला पाणी पाजलेलं असतं.

लाकूड कोणतं आहे तेही बघून घ्या. फणसाचं असेल तर आतून पिवळं, जुनं झाल्यावर तांबूस, आणि किडीला सहज बळी न पडणारं. साग तेलकट असतो, त्याला प्रायमरआधी (म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराआधी) थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं लागतं. आंब्याच्या फळ्या असतील तर किडीची तपासणी दुप्पट बारकाईने करा. अखंड फणसाचं, न पोखरलेलं कपाट हाती लागलं तर मी रंग लावणार नाही, चपडा लाखेचं पॉलिश करीन. पण बहुतेक कपाटांना मध्येच कधीतरी दुसऱ्या लाकडाची फळी ठोकलेली असते, भोकं असतात, डाग असतात. त्यांना रंगच शोभतो.

आणि जुना रंग खरवडायच्या आधी एका कोपऱ्यात हळूच ओल्या फडक्याने घासून बघा. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी, पाट, गंजिफा रंगवण्याची परंपरा आहे. त्या भागातल्या जुन्या सामानावर कधी वेलबुट्टी निघते. तशी निघाली तर पॉलिश पेपर खाली ठेवा आणि आधी एखाद्या जाणत्या चिताऱ्याला दाखवा. तो हात पुन्हा मिळत नाही.

जुन्या रंगाबद्दल एक गोष्ट फार गंभीरपणे घ्यायला सांगते. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरली. २०१६ चे नियम होते, ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आजीच्या काळातला तेलरंग त्याच्या कितीतरी आधीचा, आणि पिवळा, केशरी, लाल अशा भडक रंगांत शिसं असण्याची शक्यता जास्त. ते शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. म्हणून कोरडं घासू नका आणि दिव्याने जाळून तर अजिबात काढू नका. पाणी शिंपडत, वॉटर पेपरने ओलं घासा. नाकाला एन-९५ मास्क लावा. खाली जुनं प्लास्टिक अंथरा, निघालेला चिखल त्यातच गुंडाळून वेगळा ठेवा. खळ्यात (अंगणात), विहिरीजवळ, परसातल्या अळवाच्या वाफ्याजवळ तो धुऊ नका. मुलं आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा, कामाचे कपडे वेगळे धुवा.

घासायच्याही आधी धुवायचं. हे कपाट चुलीजवळ उभं होतं, त्यावर कजळी आणि तेलाचा चिकट थर आहे. तो थर तसाच घासलात तर पॉलिश पेपर तेल लाकडात दाबतो. बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला, हातमोजे चढवा आणि नारळाच्या सोडणाच्या कुंचीने कोपरे घासा. फडकं मळायचं थांबेपर्यंत साध्या पाण्याने पुसत राहा. समुद्राकाठच्या घरांत आणखी एक अदृश्य थर असतो तो मिठाचा.  मीठ हवेतलं पाणी ओढतं, ते रंगाखाली राहिलं तर तिथेच फोड येतो.

पायांकडे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. मुंग्या चढू नयेत म्हणून या कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. चाळीस-पन्नास वर्षं लाकडाचं टोक पाण्यात राहिलं तर काय होईल? आमच्या कपाटाला उलटं केलं तेव्हा चारही पायांचा खालचा तीन बोटं भाग भिजल्या टोस्टसारखा होता. मी स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत गेला. सुतारकाकांनी चारही पाय एका मापाने कापले आणि तेवढेच किंजळीच्या लाकडाचे तुकडे जोडून दिले. लाकूड टोकाकडून पाणी ओढतं, म्हणून तेच टोक आधी भरून टाकायचं. प्रायमरमध्ये थोडं टर्पेंटाइन घालून तो पातळ करा, चार करवंट्यांत ओता, आणि एकेक पाय करवंटीत रात्रभर उभा करून ठेवा. माझ्या चार करवंट्या सकाळी जवळजवळ कोरड्या होत्या. पुन्हा भरल्या, पुन्हा पिऊन टाकल्या. तिसऱ्या खेपेला पाय भरले.

आता बाजारातून आणायचं सामान. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचा, प्रत्येकी दोन-तीन कागद. वॉटर पेपर वेगळा. लांबी, म्हणजे भोकं-भेगा बुजवायचा लगदा, तयार मिळते, नाहीतर खडूची पावडर आणि अळशीचं तेल मळून घरी करता येते, थोडी चिकट पण पोळीच्या कणकेसारखी घट्ट हवी. वुड प्रायमर अर्धा लिटर. पाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद कपाटाला रंगाचे दोन हात द्यायला एक लिटर एनॅमल (तेलरंग) पुरतं आणि थोडं उरतं. ब्रश दोन, एक इंची आणि दोन इंची, आणि ते स्वस्तातले नकोत. केस गळले की ओल्या रंगातून काढताना जीव जातो. टर्पेंटाइन, मास्क, हातमोजे, जुन्या मलमलीचं फडकं रंग गाळायला. स्क्रू पितळेचे घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतो, फुगतो, भोवतीचं लाकूड काळं करतो. बिजागऱ्या आणि कडी जुनी पितळी असेल तर चिंच आणि मिठाने घासून ठेवा, तसं वजन आता नव्यात मिळत नाही. जाळी बहुतेक गंजलेलीच निघते. स्टेनलेस स्टीलची नवी घ्या, आणि घर समुद्राला लागून असेल तर ३१६ ग्रेडची मागा. ती नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा महाग पडते, पण खाऱ्या वाऱ्यात जास्त टिकते. जाळी काढताना तिच्या कडेच्या लाकडी पट्ट्यांना मागे नंबर घाला, पट्ट्या परत तिथेच बसतात. ठोकायच्या चुका (छोटे खिळे) सगळ्या नव्या घ्या.

जाळी, कड्या, फळ्या सुट्या केल्याशिवाय रंग सुरू करू नका. जाळीवर रंग चढला की भोकं बुजतात, आणि मग हे कपाट राखण्यात अर्थ काय? अन्न ठेवायचं असेल तर आतल्या फळ्यांना एनॅमल लावू नका. लाखेचा हात पुरतो. पुस्तकं ठेवायची असतील तर हरकत नाही, पण मग रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

कामाच्या दिवसाची वेळ वाऱ्यावरून ठरवा. रात्री दव पडतं, ते सकाळी उन्हाने उडेपर्यंत डबा बंद. मतलई वारा आहे तोवर, म्हणजे साधारण नऊ ते बारा, हात मारून घ्या. दुपारी खारा वारा सुटला की तो ओलावा आणि मीठ घेऊनच येतो. संध्याकाळ व्हायच्या आत कपाट पडवीत घ्या. दुसरा हात मारण्याआधी पहिला हात कोरडा असला तरी ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, २२० नंबरने हलकेच घासा. डब्यावर लिहिलेल्या वाळण्याच्या वेळेला आपल्याकडे दुप्पट धरा. रंग पातळ ठेवा. जाड हात लवकर संपतो असं वाटतं, पण त्याचे ओघळ येतात आणि आतून तो महिनाभर मऊ राहतो. खळ्यात काम करणार असाल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवा, तांबडी माती उडत नाही. कपाट दोन चिऱ्यांवर ठेवा, म्हणजे तळालाही ब्रश पोचतो.

अळशीच्या तेलाची किंवा रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. सुक्या गवताच्या उडवीजवळ तर हे विशेष सांभाळा.

शेवटचा हात झाल्यावर आठ दिवस दारं उघडी ठेवा, चौकटीला लागू देऊ नका. मग जाळी ठोका, बिजागऱ्या बसवा. भिंतीपासून चार बोटं पुढे उभं करा. पायांखाली आता पाण्याच्या वाट्या नकोत, घडीव दगडाचे चार तुकडे द्या. उरलेला रंग काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून, वर रंगाचं नाव आणि तारीख लिहून, त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर मागे ठेवा.