कोटी सुचते कशी आणि फसते कुठे

हजरजबाबीपणा उपजतच असावा लागतो, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. कोटी सुटी करून पाहिली तर मात्र तिचं काम दोन टप्प्यांत चालताना दिसतं. ऐकणारा वाक्याचा एक अर्थ धरून चाललेला असतो आणि शेवटी अडखळतो. लगेच दुसरा अर्थ सापडतो, आणि तोही चपखल बसतो. जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेलं प्रारूप हेच. ऐकणारा नुसता अडखळला तर 'म्हणजे?' विचारतो, अडखळलाच नाही तर ते साधं विधान झालं.

तयारी शब्दांपासून करा. वजन, भाव, ओढ, उतारा, खातं, पदर असे दहा शब्द वहीत घ्या आणि प्रत्येकाचे सगळे अर्थ लिहा. 'वजन' घ्या: काट्यावरचं, शब्दाला असलेलं आणि सरकारी कागदावर ठेवायचं. बोलता बोलता अर्थ शोधायला वेळ मिळत नाही. ते आधीच हाताशी हवेत.

आता प्रत्यक्ष. मित्र म्हणतो, "लग्नानंतर माझं वजन वाढलंय." उत्तर: "काट्यावर की घरात?"

तीनच शब्द, पण क्रम बघा. अपेक्षित अर्थ आधी, अनपेक्षित शेवटी. "घरात की काट्यावर?" म्हटलंत की गंमत पहिल्याच शब्दाला संपते आणि पुढचे दोन उगाच फरफटतात. "घरात तुझ्या शब्दाला वजन आलंय की काट्यावरचं वाढलंय?" हे तर कोटीचं गाइड झालं. मराठीत एक खास अडचण आहे: क्रियापद शेवटी येतं. "काट्यावर वाढलंय की घरात वाढलंय?" यात हशा 'घरात'वर यायला हवा, पण तुमचं 'वाढलंय' त्याला आडवं येतं. म्हणून क्रियापद गाळा, नाहीतर पुढे ओढा. बऱ्याच पाचकळ कोट्या नुसत्या शब्दक्रमाने सुधारतात.

पहिली सुचलेली कोटी शक्यतो सोडून द्या. ती समोरच्यालाही सुचलेली असते. नावावरच्या कोट्या तर त्या माणसाने शाळेपासून ऐकलेल्या असतात.

पुढचा प्रश्न, बोलावं की नाही. पीटर मॅक्ग्रॉ आणि केलेब वॉरन या विनोदाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलं की काहीतरी मर्यादा ओलांडली जातेय आणि तरी ते निरुपद्रवी आहे, हे दोन्ही एकाच वेळी जाणवलं की हसू येतं. वरच्या उदाहरणात वजनाचा विषय मित्राने स्वतः काढलाय आणि उत्तर त्याच्या शरीरावरून दुसरीकडे सरकतं, म्हणून चालतं. घरात खरोखरच धुसफूस चालू असेल तर तीच कोटी बोचेल. अंतराचाही हिशेब असतो: मोठ्या संकटावरचा विनोद काळ लोटल्यावर पचतो, किरकोळ फजितीवरचा ताजा असतानाच. डबा बॅगेत सांडला तर आजच बोला. महिन्याने त्या आमटीचं कुणालाच काही वाटणार नाही.

लोक हसले म्हणजे जमलं, असंही धरू नका. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या गप्पांमधले सुमारे १,२०० हशे टिपले. त्यांतले बहुतेक 'चला, निघतो' छापाच्या साध्या वाक्यांनंतरचे होते, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. तेव्हा स्वतः हसू नका, "एक भारी जोक सांगतो" अशी दवंडीही पिटू नका. त्याच बैठकीत कुणी तुमचा शब्द पुन्हा वापरला, तर तो लागू पडला.

विषय पुढे सरकल्यावर सुचलेलं उत्तर गिळून वहीत लिहा. 'वजन' पुन्हा कुणाचं तरी वाढेलच. फसलीच कोटी, तर समजावून सांगू नका. थेट पुढचं काहीतरी विचारा, "बरं, जेवायला किती वाजता?" एवढंही पुरतं.