हरणाच्या शिकारीसाठी रायफलची गोळी किती वजनाची घ्यावी?

भारतात हरीण मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे इथे कुणी याचा विचारही करू नये. हा लेख अमेरिकेत रीतसर परवाना काढून व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी आहे. गोळी अशी हवी की जनावर जागीच किंवा काही पावलांत पडेल. जखमी हरीण रानात तडफडत राहणं याहून वाईट काही नाही.

१. नळीवर काय कोरलंय ते वाचा. काडतुसाचं नाव तिथेच असतं आणि वजनाची मर्यादा त्यावरूनच ठरते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेन म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. हरणासाठी .२४३ विंचेस्टरमध्ये ९५ ते १००, ६.५ क्रीडमूरमध्ये १२० ते १४३, .२७० विंचेस्टरमध्ये १३० ते १५० आणि .३०८ किंवा .३०-०६ मध्ये १५० ते १८० ग्रेनच्या गोळ्या चालतात. पहिल्यांदाच घेत असाल तर .३०८ साठी १५० किंवा १६५ ग्रेन घ्या. १८० ग्रेन एल्कसारख्या मोठ्या जनावराला शोभते.

२. नळीचा पीळ बघा. नळीतल्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते. १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं की गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. तो कमी पडला तर गोळी हवेत डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसते. अशी चीर दिसली तर ती गोळी तुमच्या रायफलसाठी नाही, मग ती कितीही महाग असो.

३. अंतराचा विचार करा, पण फार नको. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने सुटते, १८० ची ८०० मीटरने. दोन्हींचा नेम २०० यार्डांवर बसवला, तर ३०० यार्डांवर त्यांच्या खाली येण्यात इंच-दीड इंचाचाच फरक पडतो. हरणाची छाती-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. म्हणजे एवढ्या फरकाने काही अडत नाही. दाट झाडीत तर बार बहुधा शंभर यार्डांच्या आतच होतो.

४. गोळीची बनावट तपासा. माझ्या मते हे वजनापेक्षाही महत्त्वाचं आहे. टोकाशी शिसं उघडं असलेली, तांब्याच्या कवचाची साधी गोळी व्हाइटटेलला पुरते. पूर्ण कवचाची गोळी घेऊ नका. ती न फुलता आरपार जाते, आणि अनेक राज्यांत तिला बंदीच आहे. निशाणेबाजीच्या स्पर्धेतली मॅच गोळीही नको. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे शिसं नसलेली, बहुधा तांब्याची, घ्यावी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते. म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरा: १५० ऐवजी १३० ग्रेन.

.३०-३० ची लिव्हर रायफल (घोड्याखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) असेल तर आणखी एक काळजी. तिच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात आणि मागच्याचं कठीण अणकुचीदार टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर) आदळून स्फोट होऊ शकतो. तिथे चपट्या टोकाची १५० किंवा १७० ग्रेनचीच गोळी, किंवा खास या रायफलींसाठी बनवलेली मऊ टोकाची.

५. खांद्याला विचारा. गोळी जड तसा धक्का जास्त. धक्क्याच्या धास्तीने बार काढताना डोळे मिटत असतील तर हलकी गोळी घ्या.

६. रेंजवर जाऊन ठरवा. दोन-तीन वजनांचे डबे आणा. बाकावर रायफल टेकवून, १०० यार्डांवर प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडा, मध्ये नळी थंड होऊ द्या. ज्या गोळ्या सर्वांत जवळजवळ बसतील तो डबा तुमचा. नेम त्याच गोळीवर बसवा आणि तिचेच आणखी डबे घेऊन ठेवा. वजन किंवा कंपनी बदलली की नेम पुन्हा बसवावा लागतो. हंगामाच्या ऐन तोंडावर दुकानात हवा तो डबा मिळेलच असं नाही, म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. त्याच वेळी तुमच्या राज्याचे त्या वर्षीचे नियमही वाचून घ्या.