पहिली भेट लिहायची असेल तर दुभाष्याच्या खुर्चीत बसा

बावीस वर्षं मी चाकणच्या कारखान्यांत जपानी आणि मराठी माणसांच्या मधल्या खुर्चीत बसते. कंपनीत आम्हाला इंटरप्रिटर म्हणतात. उरलेल्या वेळात दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिते, आणि त्यामुळे नवे लेखक त्यांचे खर्डे वाचायला पाठवतात. परग्रहावरच्यांशी पहिल्या भेटीच्या कथा त्यांत पुष्कळ असतात. बहुतेकींत एक यंत्र असतं, ते कानाला लावलं की समोरच्याचं सगळं कळतं. कथेचा जीव ज्या जागी होता तीच जागा या यंत्राने बुजवलेली असते. म्हणून पहिली सूचना हीच: यंत्र काढा आणि तिथे माणूस बसवा.

त्या माणसाला नाव देण्याआधी मात्र अंतर ठरवा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. रेडिओवरून "कोण आहात?" विचारलं तर उत्तर यायला साडेआठ वर्षं. १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून जो संदेश पाठवला, तो ज्या तारकागुच्छाकडे निघालाय तो सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवर आहे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर वाचणारा एकच माणूस नसेल, तर तुमची कथा पिढ्यांची आहे. समोरासमोर बसवायचं असेल तर ती खोलीतली आहे. दोन्हींचे ताण वेगळे. एकीची घाई दुसरीत घालू नका.

अरेसिबोचा संदेश एकदा वहीवर स्वतः मांडून बघा. १,६७९ बिट, म्हणजे शून्य किंवा एक. ही संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ओळीत २३ चौकोन घेऊन ७३ ओळी भरल्या की आकडे, अणू, माणसाची आकृती दिसते. उलट मांडलंत तर नुसती रांगोळी विस्कटल्यासारखं दिसतं. एवढ्यावरून "आम्ही आहोत, आम्हाला मोजता येतं" इतकं पोचतं. "तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?" हे त्यातून पोचत नाही, आणि मुत्सद्देगिरीची कथा तर त्याच प्रश्नापासून सुरू होते.

उत्तर द्यायचा अधिकार कुणाचा, हेही आधीच ठरवा. १९८९ मध्ये अंतराळ अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने ठरवलेली तत्त्वं सांगतात, की संदेश सापडला तरी आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर पाठवू नये. समजा, तुमच्या कथेत तो नारायणगावजवळ खोडदला ऐकू आला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, पण त्या फक्त ऐकतात, बोलत नाहीत. रात्रपाळीवरच्या माणसाला कळलंय आणि त्याला काही म्हणता येत नाही. हा प्रसंग फुकट मिळतोय, घ्या.

आता वाटाघाटी. इथे मी सगळ्यांना रायगडावर पाठवते. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. त्याची नोंद वाचा, कारण ती खरोखर परग्रहावरून आलेल्या माणसाने लिहिल्यासारखी आहे. दरवाजाशी दोन लहान हत्ती आणि दोन सजवलेले घोडे बघून तो चकित होतो: एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले कसे? गडावरच्या माणसाने ही गोष्ट लिहून ठेवलीच नसती. तुमच्या पाहुण्याच्या नजरेलाही असंच काहीतरी दिसू द्या, जे यजमानाला दिसायचं थांबलंय. आणि तो म्हातारा खाटीक! आपण कित्येक वर्षांत विकलं नाही एवढं मटण महिन्याभरात खाणारी ही इंग्रज माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो गड चढून आला. दोन संस्कृतींची भेट मला या खाटकात जितकी दिसते तितकी सिंहासनाच्या वर्णनात दिसत नाही. तुमच्या कथेतला खाटीक शोधा.

कथेतला तह मात्र आधी खराखुरा, कलमवार लिहून काढा. इंग्रजांनी बरंच मागितलं, बरंचसं मिळालंही. दोन मागण्या अडल्या. किनाऱ्याला लागलेलं फुटकं जहाज मालकाला परत द्यावं, हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध होतं. आणि इंग्रजी नाण्यांबद्दल महाराजांचं म्हणणं असं, की कुठलंही नाणं चालायला मनाई नाही, पण ज्यात रयतेला तोटा आहे ते घ्यायची सक्ती करणार नाही. समोरचा कोण आहे हे त्याने काय दिलं यापेक्षा काय नाकारलं आणि कसं नाकारलं यावरून कळतं. तुमच्या परग्रहवासीयांनाही नाकारायला दोन कलमं द्या, कारणांसकट. शिवाय मागचं देणंघेणं ठेवा. ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागतच आला होता. आणि त्याआधी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रज सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागून गेले होते. कोरी पाटी कुणाचीच नसते.

त्या दरबारात नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली ती नारायण शेणवी या दुभाष्याने. कथा त्याच्या जागेवरून सांगा.

गैरसमज एकच ठेवा, पण मुळापासून वाढवा. माझ्या पहिल्या वर्षी एका बैठकीत जपानी पाहुणे दर वाक्याला "हाय, हाय" म्हणत होते आणि मी दर वेळी "हो" सांगत गेले. ते म्हणत होते, "ऐकतोय." आमच्या बाजूने भाव ठरला असं धरलं. महिन्याने कागद आले तेव्हा दोन्ही बाजूंना फसवल्यासारखं वाटलं, आणि खोटं कुणीच बोललं नव्हतं. मला अजून ती खोली आठवते. पुढे उमजलं, की त्यांचं "केन्तो शिमास", म्हणजे विचार करतो, हे पुष्कळदा आपल्या "बघू"सारखंच असतं. नकारच, पण समोरच्याची अब्रू राखून दिलेला. तुमच्या परग्रहवासीयांचं "बघू" काय असेल? ते सापडलं की खलनायक लागत नाही.

शेवटची गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांसाठी, आणि मला ती सगळ्यांत प्रिय आहे. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, जपानीतही असा काटेकोर भेद नाही. पाहुणा "आम्ही" म्हणतो तेव्हा तुम्ही बाहेर असता, "आपण" म्हणतो तेव्हा आत. कथाभर त्याच्या तोंडी "आम्ही" ठेवा, आणि "आपण" कुठल्या पानावर येणार ते लिहायला बसण्याआधी ठरवा. दुभाष्यालाही तिथे अडू द्या: मूळ भाषेत हा भेदच नसेल तर कुठला शब्द निवडायचा, हे त्याने एकट्याने, दोन श्वासांत ठरवायचं असतं. तसंच तो, ती की ते. मराठी क्रियापद बहुतेकदा लिंग मागितल्याशिवाय पुढे सरकत नाही. "ते आलं" लिहिलंत तर वाचकाने त्याला वस्तू मानलं, "ते आले" लिहिलंत तर मान दिला.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही तिथेच आहे. मराठी नमस्कारात पृथ्वीतील लोक "त्यांचे" शुभविचार पाठवतात आणि "ह्या जन्मी धन्य व्हा" अशी "त्यांची" इच्छा आहे. बोलणारी स्वतः "आम्ही"ही म्हणत नाही, "आपण"ही नाही. दुभाष्यासारखी बाजूला उभी राहून निरोप सांगते. आणि "ह्या जन्मी" या दोन शब्दांत दुसरे जन्मही आहेत हे गृहीत धरलंय. ऐकणाऱ्याला ते कळेल का? तुमच्या कथेतला पलीकडचा दुभाषी या दोन शब्दांशी अडलाय, असं पहिलं वाक्य लिहून बघा.