खिडकी तिरकी नको, सताड उघडा

जर्मनीत, स्टुटगार्टमधला आमचा पहिला हिवाळा. जानेवारीत कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली. घरमालकीणबाईंचा पहिला प्रश्न, "खिडक्या उघडता ना?" म्हटलं, दिवसभर तिरकी उघडी असते की! (इथली खिडकी वरच्या बाजूनं थोडी आत कलती ठेवता येते, तशी.) तिथंच चुकत होतं. तिरक्या खिडकीनं हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. मग कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, सगळी ओल त्या भिंतीवर जमते. आता सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या ५ मिनिटं सताड उघडतो. (दात वाजतात, वाजू देत.) कपाट वीतभर पुढे ओढलं, डाग ७० टक्के अल्कोहोलनं पुसले. आर्द्रतामापकाचा काटा ६० टक्क्यांच्या खाली असतो. बुरशी परतली नाही. डिपॉझिटची धाकधूक तेवढी उरली आहे.